प्रयोगवही आणि पेटी

शीव कोळीवाड्यातील जुनी माणसे आपल्या रेल्वे स्थानकाला आजही ‘कोळीवाडा’ असेच म्हणतात. फलकावर गुरू तेग बहादूर नगर हे नाव येऊन बरीच वर्षे लोटली, तरी जिभेची सवय सुटत नाही. हार्बर मार्गावरच्या या स्थानकातून गाडी पुढे चुनाभट्टी, कुर्ला, टिळकनगर, चेंबूर, गोवंडी अशी मानखुर्दच्या दिशेने जाते. त्याच अंगाला ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि चेंबूरपलीकडचे रासायनिक कारखानेही. उलट बाजूस, आमच्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, षण्मुखानंद सभागृह उभे आहे. 1952 साली स्थापन झालेल्या सभेने 1963 मध्ये ही वास्तू उभारली. 1990 च्या आगीत तिची हानी झाली आणि 1998 मध्ये ती पुन्हा खुली झाली. एका हाताला प्रयोगशाळा आणि दुसऱ्या हाताला गाणे, अशा जागी माझ्या वडिलांचे, अण्णांचे, आयुष्य गेले.

अण्णा चेंबूरपलीकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे रासायनिक विश्लेषणाचे काम करीत होते. ब्युरेटमधून थेंब थेंब द्रव सोडायचा, रंग बदलण्याचा नेमका क्षण पकडायचा, आकडा वहीत मांडायचा, आणि तीन वेळा तोच आकडा आल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवायचा नाही. पहाटे पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी आणि दुसरी पाळी संपवून आल्यावर ते पेटी घेऊन बसत. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून भाता अगदी हलक्या हाताने चाले. गुरुवारी भजनी मंडळात तेच साथ करीत. “सायन्सवाले आणि भजनात?” असे कुणी थट्टेने विचारले, तर ते म्हणत, “दोन्हीकडे कानच लावायचा असतो.” ब्युरेटला कान कसा लावतात, हे मात्र मला फार उशिरा समजले.

विज्ञान आणि संगीत यांचा संसार एकाच घरात नांदू शकतो का, हा प्रश्न आपल्याकडे मुलाच्या दहावीच्या निकालानंतर विचारला जातो आणि बहुधा पेटीवर कापड टाकून त्याचे उत्तर दिले जाते. म्हणून एक उदाहरण आवर्जून सांगावेसे वाटते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या ज्येष्ठ गायिका डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांचा जन्म 1960 सालचा, मुंबईचा. आरंभीचे शिक्षण पं. नारायणराव दातार यांच्याकडे झाले. त्यानंतर आई माणिक भिडे याच गुरू झाल्या, ज्या स्वतः गानसरस्वती किशोरी आमोणकर यांच्या शिष्या होत्या. पुढे पं. रत्नाकर पै यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. 1977 मध्ये आकाशवाणीच्या स्पर्धेत त्यांना राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. एवढे झाल्यावर शिक्षण आटोपते घेण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. शिक्षणाच्या त्या वर्षांत संगीत हाच आपला व्यवसाय होईल, असे त्यांचे ठरलेले नव्हते. गाणे चालू होते आणि प्रयोगही चालू होते. पुढे त्या पूर्णवेळ गाण्याकडे वळल्या, ‘रागरचनांजली’ या नावाने स्वतःच्या बंदिशी त्यांनी ग्रंथरूपात आणल्या, आणि 2014 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. माणिकताईंचे 2023 मध्ये निधन झाले.

ज्या घराण्यात अनवट आणि जोडराग मांडून त्यातील प्रत्येक स्वराची जागा राखावी लागते, जिथे तान आणि लय यांचा हिशेब क्षणभरही सुटून चालत नाही, तिथे प्रयोगशाळेत घडलेल्या मनाला परकेपणा वाटण्याचे कारण नाही, असे मला वाटते. हे माझे मत आहे, त्यांचे नव्हे. पण या उदाहरणात मला अधिक महत्त्वाचे वाटते ते घर. घरात आईच रियाज करीत असेल, तर मुलीला गाण्यासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. तो वेळ घराने आधीच काढून ठेवलेला असतो. याच घराण्यात किशोरीताईंकडे शिकलेले पं. अरुण द्रविड हे व्यवसायाने रासायनिक अभियंते. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे औषधशास्त्राचे एम.डी.; बावीस श्रुती वाजवता येतील अशी पेटी त्यांनी घडवली.

आणि ही परंपरा आजची नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी तारांच्या लांब्या मोजून श्रुतींचा हिशेब मांडला आणि 1910 साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्या कामात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या गळ्याने साहाय्य केले. देवलांचे सर्व निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांना मान्य झाले नाहीत, ही गोष्ट वेगळी. त्याच सांगलीत विलिंग्डन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्रा. ग. ह. रानडे यांनी हिंदुस्थानी संगीताचे भौतिकशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र यांवर ग्रंथ लिहिला. मराठी मुलुखाबाहेर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली आपले सहकारी शिवकाली कुमार यांच्यासह तबला-मृदंगाच्या पुडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर परस्परांशी जुळत नाहीत; शाईच्या थराने मध्यभाग जड केलेल्या पुडीतून मात्र ते जवळजवळ तारेच्या उपस्वरांप्रमाणे जुळतात, म्हणून तबला सुरात लावता येतो, हे त्यांनी दाखवले. ज्या कारागिराने पहिल्यांदा शाई लावली, त्याला हे गणित ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ कान होता.

अण्णांना निवृत्ती जड गेली नाही. प्रयोगशाळा सुटली, पेटी राहिली. पहाटेची वेळ तीच, फक्त आता पाळीची घाई नव्हती. नोकरीबरोबर ज्यांचे सारेच संपते अशी माणसे मी आमच्या इमारतीत पाहिली आहेत. जिन्याच्या कट्ट्यावर बसून ती वर्तमानपत्राची घडी चार वेळा उलगडतात. अण्णांचे तसे झाले नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घोटाळा झाला तो वयाच्या शहात्तराव्या वर्षी, आणि झाला तो उपचारामुळे.

त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. वयोमानाने येणारा बहिरेपणा बहुधा वरच्या स्वरांपासून सुरू होतो. बोलण्यातील स, श, फ, थ अशी व्यंजने आधी निसटतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,’ ही तक्रार त्यातूनच येते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला हेच वेगळ्या रीतीने जाणवते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे उपस्वरांचा झरा. वरचे उपस्वर ऐकू येईनासे झाले की तानपुरा मुका वाटू लागतो. अण्णांनी कधी तक्रार केली नाही. दूरचित्रवाणीचा आवाज वाढत गेला, फोनवर “परत बोल” वाढत गेले, तेव्हा मीच त्यांना तपासणीस नेले. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसवली. माझे बोलणे त्यांना स्वच्छ कळू लागले. मी कृतार्थ झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पेटी उघडली, आणि थोड्याच वेळात बंद केली. “पेटी बिघडली आहे,” ते म्हणाले. सूर धरला की तो थरथरतो, पाण्यात पडलेल्या सावलीसारखा हलतो, असे त्यांचे म्हणणे. आम्ही पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला घरी बोलावले. त्याने सूर तपासले, भाता तपासला आणि मान हलवली. पेटीत काहीच दोष नव्हता. मग अण्णा गप्प झाले. भजनी मंडळाला त्यांनी ‘गुडघे दुखतात’ असा निरोप धाडला. पेटीवर माझ्या आईच्या जुन्या साडीचे कापड आले. त्यांचे जेवण कमी झाले, दुपारची झोप वाढली. सहा महिने असेच गेले. त्या काळात मी त्यांना जे म्हणाले ते आजही मला टोचते. मी म्हणाले, “अण्णा, आता वय झालं. किती दिवस वाजवणार? राहू द्या.” माझ्या दृष्टीने पेटी हा विरंगुळा होता, औषध, पथ्य, रक्तदाब यांच्या यादीत तिला जागा नव्हती.

त्यातून सुटका कोणत्याही डॉक्टरने केली नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाने केली. एका सकाळी मी पाहिले, तर पेटी उघडी, समोर शाळकरी वही, आणि अण्णांनी आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता आखलेला. पहिल्या रकान्यात पट्टी, दुसऱ्यात यंत्र लावून, तिसऱ्यात यंत्र काढून. प्रत्येक सूर तीनदा. मला त्यांनी समोर बसवले आणि मी काय ऐकते तेही चौथ्या रकान्यात लिहू लागले. चार दिवस हे चालले. तक्ता पुरा झाला तेव्हा त्यांचा निष्कर्ष सरळ होता. पेटी ठीक आहे. उघडा कान दुबळा आहे, पण खोटे बोलत नाही. सूर हलवते ते यंत्र. आणि तेही सर्वत्र नव्हे. तोडून वाजवलेला सूर स्थिर राहतो, लांब धरलेला हलतो, आणि वरच्या सप्तकात अधिक हलतो.

ती वही घेऊन आम्ही श्रवणतज्ज्ञांकडे गेलो. त्या बाईंनी पाने उलटली आणि त्या हसल्या. श्रवणयंत्र मुख्यतः बोलण्यासाठी घडवलेले असते, हे त्यांनी समजावून सांगितले. यंत्रातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा त्याच्याच ध्वनिग्राहकात शिरला तर शिट्टी वाजते. ती रोखण्यासाठी आत एक व्यवस्था असते, जी दीर्घकाळ टिकणारा एकसुरी आवाज दिसला की त्याला शिट्टी समजून कापू पाहते. पेटीचा, बासरीचा, व्हायोलिनचा लांब सूर तिला नेमका तसाच वाटतो. सूर कापण्याच्या तिच्या धडपडीतून तो थरथरू लागतो. याखेरीज सततच्या आवाजाला गोंगाट मानून दाबणारी आणि मोठा आवाज आवळून लहान करणारी व्यवस्थाही असते. बोलण्यासाठी ती उपकारक, गाण्यासाठी अपकारक. बहुतेक अंकीय यंत्रांत संगीतासाठी वेगळा कार्यक्रम भरता येतो, ज्यात या व्यवस्था बंद किंवा सौम्य केलेल्या असतात. अण्णांच्या यंत्रात ती सोय होती, पण कुणी ती चालू केली नव्हती. तपासणीच्या वेळी ‘तुम्ही वाजवता का?’ असे कुणी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते. चूक दोन्हीकडची.

म्हणून ज्यांच्या घरी गाणारे, वाजवणारे किंवा मनापासून गाणे ऐकणारे वडीलधारे असतील, त्यांनी श्रवणयंत्र घेण्याच्या पहिल्याच भेटीत हे सांगावे. शक्य असेल तर वाद्य बरोबर न्यावे आणि यंत्राची जुळणी वाद्य वाजवून करून घ्यावी. एका भेटीत ते साधत नाही. दोन-तीन वेळा जावे लागते. त्याआधी कानात मळ साचलेला नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण कित्येकदा निम्मा बहिरेपणा तिथेच असतो. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. शिवाय मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाबरोबर श्रवणतपासणीची सोय असते. आणि एक गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ते वयाचे लक्षण समजून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उपचार लवकर सुरू झाले तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता अधिक असते.

संगीतामुळे म्हातारपणी बुद्धी शाबूत राहते का, असे मला अनेक जण विचारतात. 2003 साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पाहणी प्रसिद्ध झाली. पंचाहत्तरीपुढच्या 469 व्यक्तींना सुमारे पाच वर्षे पाहण्यात आले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी आढळले. यावरून ‘पेटी वाजवा, स्मृतिभ्रंश टाळा’ असे म्हणणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. ज्यांची बुद्धी मंदावू लागलेली असते ती माणसे आधीच वाद्य बाजूला ठेवतात, असेही असू शकते. संशोधकांनाही ही शंका होतीच. 2007 मध्ये साठ ते पंच्याऐंशी वयाच्या, पूर्वी न शिकलेल्या माणसांना सहा महिने पियानो शिकवून पाहिले, तेव्हा लक्ष आणि कामाचा वेग मोजणाऱ्या काही चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली. गट लहान होता. तरी ‘आता शिकून काय उपयोग’ या वाक्याला उत्तर देण्यापुरते ते पुरेसे आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र गाण्याचा आधार जरूर घ्यावा. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, संगीतोपचाराने उदासीनतेची लक्षणे कमी होतात असे दिसते. स्मरणशक्ती परत येते असे मात्र दिसत नाही. अपेक्षा तेवढीच ठेवावी. नातवाचे नाव विसरलेली आजी लहानपणची ओवी किंवा आरती शेवटपर्यंत म्हणते, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गाणे लावायचे तर त्यांच्या तरुणपणीचे, त्यांच्या आवडीचे लावावे, आपल्या आवडीचे नव्हे. आवाज बेताचा असावा आणि दूरचित्रवाणी बंद असावी.

गाणाऱ्यांच्या गळ्याविषयीही थोडे. वयाबरोबर स्वरतंतू बारीक आणि सैल होतात. पुरुषांचा आवाज बहुधा थोडा चढतो, स्त्रियांचा उतरतो, दम आखूड होतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या आजींनी काळी दोनमध्ये गायला लागण्यात कसलाही कमीपणा नाही. जुनी पट्टी राखण्याच्या हट्टापायी गळा ताणला तर नुकसान होते. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर तो दाखवावा, विशेषतः तंबाखूची सवय असेल किंवा पूर्वी असेल तर. बसण्याचेही तसेच. मांडी घालून बसवत नसेल तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीत बसावे. फक्त भात्याचा हात खांद्याच्या वर जाऊ नये, एवढी उंची सांभाळावी. अण्णांना हे टेबल मान्य करायला दोन महिने लागले. “हॉटेलात बसल्यासारखं वाटतं,” असे त्यांचे म्हणणे होते. कोळीवाड्याचे नाव जगभर कोळंबीमुळे पोहोचले आहे, तेव्हा हॉटेलाची उपमा इथे अगदीच परकी नाही, असे मी त्यांना म्हटले. ते हसले नाहीत.

आता त्यांच्या यंत्रात दोन कार्यक्रम आहेत, एक माणसांसाठी आणि एक पेटीसाठी. बदलायचे बटण बारीक आहे. बोटांना ते सापडत नाही, म्हणून बदलून मीच देते. सगळे पूर्ववत झालेले नाही. वरच्या सप्तकातील दोन सूर अजूनही किंचित हलतात, आणि मंडळात टाळ-पखवाजाचा गजर वाढला की यंत्र अडखळते, तेव्हा ते डाव्या कानातील यंत्र काढून खिशात ठेवतात. तरुण मंडळींना वाटते, बाबा दमले. गुरुवारी तास-दीड तास साथ करून ते घरी येतात, आणि झोपण्यापूर्वी वही उघडतात. वही आता तिसरी चालू आहे. परवा यंत्राची बॅटरी बदलली, तर मला पुन्हा समोर बसवले.

“पंचम धर,” ते म्हणाले. “सोडू नकोस. मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”